हप्ता पहिल्या ओळीत

१९२१च्या मे महिन्यापासून पुढचं वर्षभर मुंबईतल्या कामगारवस्त्यांमध्ये सरकारी माणसं खोल्याखोल्यांतून फिरत होती आणि लोकांना एक जरा आगाऊ प्रश्न विचारत होती : महिन्याला पैसे किती येतात, आणि जातात कुठे? मुंबई सरकारनं नुकत्याच उघडलेल्या लेबर ऑफिसची ही पाहणी. कार्यालयाचे संचालक जी. फिंडले शिरास यांनी १९२३ साली तिचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात २,४७३ कुटुंबांचे आणि ६०३ एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे जमाखर्च आहेत. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत ५२ रुपये ४ आणे ६ पै. शंभर रुपये खर्च धरले, तर त्यातले ५६.८ रुपये खाण्यावर जात. जळण आणि दिवाबत्ती ७.४, कपडेलत्ते ९.६, किरकोळ आणि इतर १८.५. आणि घरभाडं? ७.७.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असावी असं वाटलं. साडेसात टक्क्यांत माझ्या पगारातून हिंजवडीजवळच्या सोसायटीत दुचाकी आणि चारचाकी लावायची जागाही मिळेलसं वाटत नाही. आज बँका गृहकर्ज देताना हातात येणाऱ्या पगाराच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंत हप्ता चालवून घेतात. माझ्या टीममधले निम्मे लोक त्या मर्यादेच्या काठावर उभे आहेत आणि उरलेले निम्मे तिथे जाण्यासाठी एक्सेलमध्ये आकडे भरतायत. मी दुसऱ्या निम्म्यात.

शंभर वर्षांत घर महाग झालं, हे सांगायला लेख लागत नाही. मला त्यापेक्षा वेगळी गोष्ट दिसते. बदलली ती किंमत आणि त्यासोबत हिशेबाच्या वहीत घराची जागाही. घर आधी वहीच्या मध्यात कुठेतरी होतं. मग काही दशकं ते वहीच्या शेवटी, 'शिल्लक'च्या रकान्यात जाऊन बसलं. आणि मग ते उडी मारून पहिल्या ओळीत आलं. ही उडी केव्हा आणि कोणामुळे घडली, आणि त्या ओळीखालच्या बाकीच्या ओळींचं काय झालं, हे जरा नीट बघू.

*

आधी ७.७ टक्क्यांबद्दलचा रम्य गैरसमज काढून टाकू. त्याच अहवालानुसार ९७ टक्के कामगार कुटुंबं एका खोलीत राहत होती. ४७ टक्के कुटुंबं कर्जबाजारी होती, आणि व्याजाचा रूढ दर रुपयाला महिन्याला एक आणा होता. आण्याचं गणित आता कोणाला येत नाही म्हणून सांगतो : वर्षाला ७५ टक्के. कामगाराच्या पोटात जाणारं धान्य दुष्काळी कामांवर ठरवून दिलेल्या प्रमाणाइतकं, पण तुरुंगातल्या कैद्याला मिळणाऱ्या आहारापेक्षा कमी होतं, ही त्या अहवालातली सगळ्यात गाजलेली तुलना. म्हणजे भाडं कमी होतं याचा एक अर्थ असा, की पोटानंच एवढे पैसे खाल्ल्यावर भाड्याला उरत नव्हतं, आणि उरत नव्हतं म्हणून मिळत होती ती दहा बाय बाराची खोली.

पण याला दुसरीही बाजू आहे. त्या ५२ रुपयांच्या हिशेबात भाड्याची जी ओळ होती ती 'राहण्या'ची होती, 'घरा'ची नव्हती. घर रत्नागिरी जिल्ह्यात होतं, साताऱ्याला होतं, घाटावर होतं. गिरणीतल्या माणसाला 'तुझं घर कुठे' असं विचारलं की तो लालबाग किंवा भायखळा सांगत नसे, गावाचं नाव सांगे. मुंबईत होती ती खोली. एकट्या माणसांची तर खोलीसुद्धा नव्हती; गावकऱ्यांनी मिळून घेतलेला गाळा, त्यात वळकटी आणि ट्रंकेपुरती जागा, पाळीप्रमाणे झोपणं आणि जेवायला खानावळ. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती खलाशांचे आणि नोकरदारांचे धोबीतलावाकडचे 'कुड' हे त्याच व्यवस्थेचं भावंड. पैसे साठत ते मनीऑर्डरच्या वाटेनं गावी जात आणि तिथे चिऱ्याची भिंत किंवा कौलाचं छप्पर होऊन उभे राहत.

म्हणून घरासाठी काटकसर हे मध्यमवर्गानं शोधलेलं काही नव्हे. कामगार तेव्हाही घरासाठीच पोटाला चिमटा घेत होता. फक्त ते घर मुंबईत नव्हतं, आणि ते बांधायला कोणी त्याच्याकडे पगाराची स्लिप मागत नव्हतं. पैसे आले की एक भिंत, नाही आले की पावसाळाभर झापं. मुदत नाही, दंड नाही.

याचा एक परिणाम भाडं आणि घर यांच्यापासून फार लांब, संपाच्या मैदानावर दिसतो. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी एप्रिल ते ऑक्टोबर असा जवळपास सहा महिने संप चालवला. सहा महिने बिनपगारी! रजनारायण चंदावरकरांसारख्या इतिहासकारांनी वाण्याची उधारी, वस्तीतले संबंध आणि गावाशी असलेला धागा या सगळ्याचं त्यातलं महत्त्व दाखवलं आहे. मी त्यात माझ्यापुरती एक भर घालतो. ज्या खर्चाच्या यादीत बांधील आणि न टाळता येणारी रक्कम लहान असते, ती यादी ताणता येते. खाणं कमी करता येतं (फार वाईट रीतीनं, पण येतं), बायकोमुलांना गावी पाठवता येतं, वाण्याला थांबवता येतं, चार रुपयांच्या आतल्या भाड्यासाठी घरमालकाशी हुज्जत घालता येते. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हाही खोल्यांची भाडी जुनीच होती. संप हरला, गिरण्या गेल्या, पण बऱ्याच कुटुंबांची खोली राहिली. आज माझ्या ऑफिसात तीन महिन्यांचा पगार थांबला तर किती जण टिकतील, हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर कोणी काढत नाही. काढू नये असा अलिखित नियम आहे.

*

आता दुसऱ्या लोकांकडे जाऊ. ज्यांना गावी परतायचं नव्हतं आणि ज्यांच्याकडे पेन होतं, त्यांच्याकडे.

१८९६च्या प्लेगनंतर दोनच वर्षांत मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, रस्ते रुंद झाले, दाट वस्त्या पाडल्या गेल्या, आणि कारकून-शिक्षक-वकील वर्गाला हवेशीर घराचं स्वप्न पडू लागलं. पण पगार बेताचा. यावरचा तोडगा श्रीपाद सुब्राव तालमकी नावाच्या गृहस्थांनी काढला. हेच ते १९०६ साली शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढणारे तालमकी. तीच पुढे बँक झाली. १९१५ साली गावदेवीला त्यांच्या पुढाकारानं सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. भारतातली सहकारी गृहरचना तिथून मोजतात.

या सोसायटीची रचना आपल्या आजच्या समजुतीपेक्षा वेगळी होती. सभासद घराचा मालक नव्हता. इमारत सोसायटीची, सभासदाकडे सोसायटीचे शेअर्स, आणि तो सोसायटीला भाडं देणार. म्हणजे तो स्वतःच स्वतःचा भाडेकरू. भाडं इतकंच, की खर्च आणि उसनवारी फिटावी. नफा नाही, त्यामुळे कोणी खोली रिकामी करायला सांगण्याची भीतीही नाही. घराला 'मालमत्ता' न मानता 'सोय' मानणारी ही कल्पना होती. तिचा एक गमतीशीर अवशेष आपल्या कपाटात अजून आहे : दीड कोटीच्या फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट काढून बघा. त्यावर पन्नास-पन्नास रुपयांचे पाच नाहीतर दहा शेअर्स असतात. कायद्याच्या दृष्टीनं सहकारी सोसायटीत तुम्ही अडीचशे किंवा पाचशे रुपयांचे भागधारक आहात. बाकीचे एक कोटी एकोणपन्नास लाख कुठे गेले, हाच तर इतिहास.

त्या इतिहासातलं पुढचं वळण भाडेनियंत्रणाचं. १९४७च्या मुंबई भाडे कायद्यानं प्रमाणित भाडं १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकलं. महायुद्ध, फाळणी, शहरात लोटलेली माणसं हे पाहता हेतू समजण्यासारखा होता. आत असलेल्यांचं भलं झालं. त्यांच्या वहीतली भाड्याची ओळ वर्षागणिक आकसत गेली आणि शेवटी तिच्यापेक्षा वर्तमानपत्राचं बिल मोठं झालं. पण भाड्यानं द्यायला नवं घर कोण बांधणार? जे बाहेर होते, नुकतं लग्न झालेले होते, नोकरीसाठी आलेले होते, त्यांच्यासाठी भाड्याची खोली मिळण्याची वाट पागडीतून जाऊ लागली. खोली सोडणाऱ्याला आणि मालकाला मिळून एकरकमी पैसे. मालकाचा वाटा साधारण तिसरा हिस्सा. ही रक्कम बेकायदा, त्यामुळे पावती नाही आणि कर्जही नाही. थेट १९९९च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानं ती कायदेशीर केली.

घराच्या अर्थकारणात इथे पहिल्यांदा 'एकरकमी' हा राक्षस शिरला. १९२१च्या कामगाराला दरमहा चार रुपये काढायचे होते. १९५५च्या कारकुनाला आधी काही हजार उभे करायचे होते, आणि मग दरमहा पंचवीस रुपये भाडं. दरमहाची ओळ सोपी, तिच्या आधीची रक्कम अशक्य.

पागडीपेक्षा मालकीचा ब्लॉक बरा, असा विचार रुजायला मग फार वेळ लागला नाही. बिल्डर इमारत उभी राहण्याआधीच पैसे घेऊ लागले, आणि बरेच पैसे घेऊन पसारही होऊ लागले. त्यावर १९६३ साली महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा आला. लेखी करार केल्याशिवाय किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरनं घ्यायची नाही, असं त्यात लिहिलं होतं. (रेरानं ती मर्यादा १० टक्के केली. मधली पन्नास वर्षं 'करार नंतर करू, आधी बुकिंग तर करा' हे वाक्य कसं टिकून राहिलं हे मराठी माणसाला सांगायला नको.)

मग ही रक्कम यायची कुठून? व्यापारी बँका घरासाठी कर्ज देण्याच्या भानगडीत फारशा पडत नव्हत्या. ठेवी थोड्या मुदतीच्या आणि घराचं कर्ज पंधरा-वीस वर्षांचं, हा मेळ त्यांना बसत नव्हता. राहिले ते मार्ग सगळे बचतीचे आणि ओळखीचे. १९५२च्या कायद्यानं आलेला भविष्यनिर्वाह निधी, ज्यातून घरासाठी आगाऊ रक्कम काढता येते. आयुर्विमा महामंडळाच्या पॉलिसीवरचं कर्ज. कचेरीतली पतपेढी. बायकांची भिशी. सासरचं आणि माहेरचं सोनं. भावाकडून उसने, ज्याची परतफेड पैशात कमी आणि आयुष्यभराच्या ऐकण्यात जास्त होई. आणि बायकोनं संसारातून बाजूला काढलेले, नवऱ्याला अर्धेच ठाऊक असलेले पैसे.

या काळातला हिशेब असा असे : मिळकत, वजा सगळे खर्च, बरोबर शिल्लक. आणि शिल्लक बरोबर घर, कधीतरी. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्याचं लिज्जत झालं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. या कहाण्या आपण उद्योजकतेच्या म्हणून सांगतो. मला त्या वहीतल्या 'शिल्लक' या ओळीच्याही कहाण्या वाटतात. घरातल्या बाईची कमाई या शेवटच्या ओळीत पडायची. ती मोजली जायची नाही, पण ती होती म्हणून काहीतरी उरायचं.

या पद्धतीत एक मूलभूत दोष होता. शिल्लक सरळ रेषेत वाढते आणि घराची किंमत चक्रवाढीनं. वीस वर्षं साठवून माणूस घराच्या दाराशी पोचायचा, तोवर दार पुढच्या स्टेशनला गेलेलं असायचं. दादरचं पार्ल्याला, पार्ल्याचं बोरिवलीला, ठाण्याचं डोंबिवलीला. निवृत्तीच्या फंडातून घर घेणारी पिढी आपण पाहिली आहे. पोरं त्या घरात वाढली नाहीत, फक्त त्यांची लग्नं तिथून झाली.

*

१९७७. आयसीआयसीआयमधून निवृत्त झालेले हसमुखभाई ठाकोरदास पारेख वयाच्या ६६व्या वर्षी हाउसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशन, म्हणजे एचडीएफसी, सुरू करतात. (योगायोगाची बाब : त्याच वर्षी जुनं गृहनिर्माण मंडळ आणि इतर मंडळं एकत्र होऊन म्हाडा कामाला लागलं. घर सरकार देईल की वित्तसंस्था, हे दोन रस्ते एकाच वर्षी फुटले, आणि गर्दी कुठल्या रस्त्याला गेली ते दिसतंच आहे.) पगारदार माणसाला घरासाठी दीर्घ मुदतीचं कर्ज देण्याचा धंदा करता येतो, आणि तो बुडत नाही, हे सिद्ध व्हायला भारतात तिथून सुरुवात झाली.

यातली खरी नवी गोष्ट कर्ज ही नव्हती. कर्ज तर १९२१लाही होतं, ७५ टक्क्यांनी. नवं होतं ते विचारणं. सावकार विचारायचा, गहाण काय ठेवतोस? पागडीवाला विचारायचा, रोख किती आणलीस? आता समोरचा माणूस विचारू लागला, पगार किती? आणि त्यावरून गणित उलटं करून सांगू लागला : एवढा पगार म्हणजे एवढा हप्ता तुम्हाला झेपेल, म्हणजे एवढं कर्ज, म्हणजे एवढ्या किमतीचं घर. शिरासच्या माणसांनी पगार विचारून खर्च लिहून घेतला होता. गृहवित्त कंपनीनं पगार विचारून खर्च ठरवून दिला.

आमच्या घरात याचा लेखी पुरावा आहे. आईच्या हिशेबाच्या वह्या, विमा कंपनीकडून फुकट मिळालेल्या डायऱ्यांच्या मागच्या पानांवर लिहिलेल्या. १९९३च्या आधीची पानं अशी सुरू होतात : दूध. वाणी. भाजी. रॉकेल. बाबांचा पास. घरी म. ऑ. 'घरी' म्हणजे संगमेश्वराच्या अलीकडे, आजी-आजोबांकडे. १९९३ साली डोंबिवलीत दोन लाखांचा वन रूम किचन घेतला. ८० हजार फंडातून, बांगड्यांतून आणि आत्याकडून. १ लाख २० हजार एका गृहवित्त संस्थेकडून, १५ टक्क्यांनी, १५ वर्षांसाठी. दोन जामीनदार लागले, दोघेही बाबांच्याच टेबलाच्या आजूबाजूचे. पुढच्या महिन्यापासून पानाची पहिली ओळ आहे : हप्ता १६८०. दूध दुसऱ्या ओळीत गेलं. बाबांचा पगार तेव्हा साडेचार हजारांच्या आसपास.

मी या वह्या इतिहासाचं साधन म्हणून वाचायला घेतल्या तेव्हा दुधाकडे लक्ष होतं. नंतर लक्षात आलं ते 'घरी म. ऑ.'कडे. आधी ३००, मग १५०, १९९५मध्ये काही महिने नाहीच, मग गणपतीपुरती. कोणी काही ठरवलं असेल असं वाटत नाही. वरून १६८० आले आणि खालच्या ओळी एकेक करून आकसल्या, त्यातली जी सगळ्यात लांब राहत होती ती आधी. पडवीचं छप्पर काही वर्षांनी बसलं. मुंबईच्या कमाईनं कोकणात घर बांधायचा जो प्रवाह शिरासच्या अहवालाच्या आधीपासून वाहत होता, तो आमच्यापुरता डोंबिवलीत अडला. मी जन्मलो ते त्या वन रूम किचनमध्ये, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घर 'झालं' असं आपण म्हणतो तेव्हा कुठलं तरी एक घर 'गेलं'ही असतं, आणि ते वहीत वेगळं लिहावं लागत नाही.

*

यानंतरचा भाग माझ्या पिढीला तोंडपाठ आहे, म्हणून भरभर सांगतो. १९८८ साली राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आली. उदारीकरणानंतर बँका या बाजारात उतरल्या. राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची करसवलत १९९८ ते २००१ या चार अर्थसंकल्पांत १५ हजारांवरून दीड लाखावर गेली. पुढे २०१४ला दोन लाख. २००२च्या सरफेसी कायद्यानं कोर्टाच्या पायऱ्या न चढता, ६० दिवसांची नोटीस देऊन थकबाकीदाराचं घर ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना मिळाला, आणि बाबांच्या टेबलाशेजारचे दोन जामीनदार हळूहळू गरजेचे राहिले नाहीत. व्याजदर १५ टक्क्यांवरून २००३-०४च्या सुमारास साडेसात-आठवर उतरले.

इथे थोडं थांबायला हवं, कारण घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट अशी आहे, की व्याज कमी झालं म्हणून मध्यमवर्गाला घर परवडू लागलं. गणित करून बघू. दरमहा १० हजारांचा हप्ता, मुदत २० वर्षं. १५ टक्के व्याजानं त्यात ७ लाख ६० हजारांचं कर्ज बसतं. साडेसात टक्क्यांनी १२ लाख ४० हजारांचं. हप्ता तोच, माणूस तोच, पगार तोच. खर्च करण्याची ताकद मात्र ६३ टक्क्यांनी वाढली. आता हीच ताकद एकाच वेळी शहरातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खिशात आली, आणि जमीन तेवढीच राहिली, तर किमतीचं काय होईल? जमिनीच्या किमतीला इतरही कारणं आहेत, ती मी नाकारत नाही. पण स्वस्त व्याजातला मोठा वाटा घर घेणाऱ्याच्या वहीत थांबलाच नाही, वहीतून सरळ चालत घर विकणाऱ्याकडे गेला, असं माझं मत आहे. त्याला मिळाली ती आकड्यांची मोठी बेरीज आणि तेवढाच हप्ता.

मग एक पगार पुरेना. दुसरा आला. बँकेच्या फॉर्मवर 'सहअर्जदार' हा रकाना आहे आणि माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येक जोडप्यानं तो भरला आहे. महाराष्ट्रात २०२१पासून बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, त्यामुळे नावही तिचं. ही चांगलीच गोष्ट आहे. शंभर वर्षांत घराच्या कागदावर बाईचं नाव येणं ही लहान गोष्ट नव्हे. पण जुन्या वहीत तिची कमाई शेवटच्या ओळीत, शिलकीत पडत होती. म्हणजे ती थांबली तर शिल्लक कमी व्हायची, हप्ता चुकायचा नाही. आता ती पहिल्या ओळीत गेली. बाळंतपणानंतर वर्षभर घरी राहायचं का, या प्रश्नाचं उत्तर पाच वर्षांपूर्वी कुठल्यातरी शाखेत सही केली तेव्हाच देऊन झालेलं असतं. माझी एक सहकारी रजेवरून सहाव्या महिन्यात परत आली तेव्हा सगळ्यांनी तिच्या कामावरच्या निष्ठेचं कौतुक केलं. ती म्हणाली, "निष्ठा कसली, फ्लोटिंग रेट आहे."

फ्लोटिंग रेटचं हे २०२१चं उदाहरण मी स्वतः एक्सेलमध्ये तीनदा तपासलं आहे, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. ५० लाखांचं कर्ज, पावणेसात टक्के, २० वर्षं. हप्ता ३८,०१८ रुपये. तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत तो साडेसहा झाला. २०१९पासून नवी कर्जं बाहेरच्या दराशी जोडलेली असल्यानं अडीच टक्क्यांची वाढ तशीच खाली आली. समजा कर्ज घेऊन एक वर्ष झालं आहे आणि व्याज सव्वानऊ टक्के झालं. हप्ता तोच ठेवायचा ठरवला, तर उरलेलं कर्ज फिटायला किती वर्षं लागतील? १९ होती, २५ होतील असा माझा अंदाज होता. उत्तर ४८-४९ वर्षं येतं. कारण महिन्याचं व्याजच ३७,६०० रुपये झालेलं असतं, मुद्दलात जातात चारशेच्या आसपास. तिशीतला माणूस ऐंशीच्या घरात मोकळा होईल. आणि वाढ पहिल्याच महिन्यात झाली असती, तर व्याज हप्त्यापेक्षा जास्त झालं असतं, म्हणजे कर्ज कधीच फिटलं नसतं.

प्रत्यक्षात बँका एवढी मुदत देत नाहीत. त्या मुदत जमेल तितकी ताणतात आणि मग हप्ता वाढवतात. बऱ्याच लोकांना मुदत ताणली गेल्याचं कळलंही नाही, कारण खात्यातून जाणारी रक्कम तीच होती. ऑगस्ट २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून सांगावं लागलं, की दर बदलताना कर्जदाराला विचारा, हप्ता वाढवायचा की मुदत, आणि स्थिर दराकडे जायचा पर्यायही द्या. पहिल्या ओळीतला आकडा स्थिर दिसत असताना त्याच्या मागची वर्षं बदलतात, ही सोय आईच्या वहीत नव्हती. १६८० म्हणजे १५ वर्षं, एवढं तिला पाठ होतं.

*

माझी आणि बायकोची एक्सेल फाइल गेले आठ महिने उघडी आहे. पुण्यात बाणेर सोडून आम्ही ताथवड्यापर्यंत आलो आहोत; दार पुढच्या स्टेशनला जाण्याची आमच्या भागातली पद्धत ही. आम्ही एकच गोष्ट ठरवू शकलोय. हप्ता दोन पगारांच्या बेरजेवर नाही, दोघांतल्या लहान पगारावर बसवायचा. म्हणजे बँक देऊ करते त्याच्या निम्म्याहून कमी कर्ज, आणि त्यात येणारं घर आम्हाला सध्या तरी सापडलेलं नाही. दलालानं फाइल बघून "सर, एवढं घाबरून कसं चालेल" असं म्हटलं. बाबाही जवळजवळ तेच म्हणाले. आई काही बोलली नाही. तिनं फक्त विचारलं, की या यादीत तुमच्या दोघांच्या आईबापांची ओळ कितवी आहे. होती, अकरावी.

शिरासच्या पाहणीतून जे सुरू झालं त्याचे वंशज आजही जिवंत आहेत. त्या काळात मुंबईच्या राहणीखर्चाचा निर्देशांक निघाला, पुढे देशभराचे निघाले. २०१२ हे पायावर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात शहरी भागासाठी 'घर' या गटाचा भार २१.६७ होता. त्यात भाडं मोजतात. हप्ता मोजत नाहीत. अर्थशास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबर आहे, कारण हप्ता हा उपभोग नव्हे, त्यात एक भाग मालमत्ता विकत घेण्याचा आणि एक कर्जाच्या व्याजाचा. सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीतही कर्जफेड खर्च म्हणून धरली जात नाही. म्हणजे उद्या कोणी सरकारी माणूस माझ्या दारात येऊन महिन्याला पैसे किती येतात आणि जातात कुठे असं विचारू लागला, तर त्याच्या तक्त्यात दूध असेल, भाजी असेल, इंटरनेट असेल, आणि आमच्या वहीतली पहिली ओळ लिहायला रकाना नसेल.